वाढत्या मापाचं

लेक चार्ल्सच्या तुरुंगात कापडी टेप आत नेऊ देत नाहीत.
गळ्याला लागू शकते, म्हणे.
म्हणून मी त्याचं माप वितीनं घेतलं.
कमरेपासून घोट्यापर्यंत चार विती, वर चार बोटं.
पहारेकरी भिंतीकडे बघत राहिला.
पोराला गुदगुल्या झाल्या, हसला,
आणि हसल्याबद्दल सॉरी म्हणाला.

टेव्हियन गिलरी. त्या रात्री चौदा वर्षं, दोन महिने.
सरकारी वकिलाच्या कागदावर: प्रौढ.
तुरुंगाच्या वहीत: अल्पवयीन,
मोठ्या कैद्यांच्या नजरेला पडता कामा नये,
म्हणून तेवीस तास कोठडीत एकटा.
एका छताखाली, एकाच दिवशी
तो मोठाही होता आणि लहानही.
दोन्हींतलं नको ते तेवढं त्याच्या ताटात.

मी ओडील. फुकट वकिलांच्या कचेरीमागे
माझी मशीन आणि एक फडताळ आहे.
त्यात दान आलेले सूट: सुटलेल्या पोटांचे,
मोडलेल्या लग्नांचे, मेलेल्या दिरांचे.
कैद्याच्या कपड्यांत ज्युरीपुढे नेलं
तर अर्धा निकाल तिथंच लागतो.

वकीलबाई म्हणाल्या, ओडील, बाह्या आखूड नको करू.
बोटांपर्यंत येऊ देत. लहान दिसू दे.
मी म्हटलं, तो लहानच आहे, बाई.
दिसायला कशाला लावायचं?
चाळीस वर्षांत मी खोटी शिवण घातली नाही.
बाह्या मनगटावर आणून सोडल्या.
त्या रात्री मात्र झोप लागली नाही.

गेलेल्या माणसाचं नाव लिअँडर आर्सेनो.
पेट्रोल पंपाच्या गल्ल्यावर बसायचा.
चिल्लर परत देताना त्याचे ओठ हलायचे,
एक, दोन, तीन, शाळेतल्यासारखे.
त्याची बायको चर्चमध्ये माझ्यापुढे तिसऱ्या बाकावर.
वादळानं उडालेल्या छपरावर
अजून निळी ताडपत्री आहे तिच्या घराला.
पायरीवर गाठलंन् तिनं मला.
मला वाटलं, थुंकेल.
म्हणाली, कोट नीट शिव त्याचा.
मला त्याचा चेहरा बघायचाय, बाह्या नाही.

तारीख पडली. पुढे गेली.
न्यायाधीश आजारी. मग साक्षीदार सापडेना.
मग पुन्हा वादळ, कोर्टात गुडघाभर पाणी.
एकोणीस महिने.
मी पुन्हा आत गेले, वीत टेकवली:
पाच वितींना एक बोट कमी.
आवाज फाटलेला. ओठावर लव.
हसला नाही. गुदगुल्याही गेल्या होत्या कुठंतरी.

आमच्या आया पोरांचे कपडे वाढत्या मापाचे शिवायच्या,
आत दोन इंच दाबून, पुढच्या वर्षासाठी.
सवयीनं मीही दाबले होते.
उसवलं. पँट खाली सोडली.
जुन्या दुमडीची रेघ राहिली,
व्हिनेगर लावलं, वाफ दिली, जाईना.

सरकारी वकील चांगला बोलला.
म्हणाला, बघा याच्याकडे. उंची बघा. खांदे बघा.
हा पोर आहे?
बारा जणांनी बघितलं.
कोठडीत वाढलेले चार इंच
त्यानं त्या रात्रीच्या हिशेबात धरले.
मला उभं राहून सांगावंसं वाटलं,
रेघ बघा, घोट्याच्या वर, फिकट,
त्या रात्री तो तिथपर्यंत होता.
पण शिंपिणीची साक्ष कोण काढतो.

मिसेस आर्सेनो त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.
बराच वेळ.
तिला काय दिसलं, तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

निकालानंतर सूट कागदी पिशवीतून परत आला.
खिशात पेपरमिंटचा कागद, घडी घालून घालून
नखाएवढा केलेला.
पँट धुतली, टांगली.
गुरुवारी वकीलबाईंचा फोन.
दुसरा आहे. तेरा वर्षांचा.
मी पँट काढली, उलटी केली
आणि रेघ शोधत बसले.